उसन्या सुरांचा हिशेब

पॅरिसच्या भुयारी रेल्वेचा ११ क्रमांकाचा मार्ग जून २०२४ मध्यें पूर्वेकडे वाढविण्यांत आला, आणि त्यावरील ले लिला या उपनगरांतील एका नव्या स्थानकास सर्ज गेंझबूर या गायक-गीतकाराचें नांव देण्यांत आलें. स्थानक उघडण्यापूर्वींच या नांवास विरोध सुरू झाला होता. ज्याच्या गीतांत आणि वर्तनांत स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली त्याचें नांव सार्वजनिक स्थळास देऊं नये, असें म्हणणारांनीं सह्या गोळा केल्या. उलट पक्षानें उत्तर दिलें कीं, प्रतिभावंताच्या कृतीकडे पाहावें, चारित्र्याकडे पाहूं नये. जॅझ, आफ्रिकी तालवाद्यें, रॉक, रेगे अशा नाना प्रवाहांचें पाणी ज्यानें फ्रेंच गीताला पाजलें, त्याच्या उपकारांची ही अल्पशी फेड आहे. नांव कायम राहिलें, आणि वादही कायम राहिला.

आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं विषयाची मांडणीच अशी केली आहे कीं, तिच्यांतून निर्णय निघणें शक्य नाहीं. एकानें माणूस धरला आणि गाणें सोडलें. दुसऱ्यानें गाणें धरलें आणि माणूस सोडला. वास्तविक गेंझबूरचे गुण आणि दोष हे दोन्ही त्याच्या कलेच्या पद्धतींतच आहेत, आणि एकाच ठिकाणीं आहेत. तो घेणारा कलावंत होता. जें ऐकूं आलें, जें दिसलें, जो भेटला, तें सर्व त्यानें आपल्या गीतांत ओढून घेतलें. तेव्हां त्याचा न्याय करावयाचा तो एकाच प्रश्नावर केला पाहिजे : त्यानें जें घेतलें, तें सांगून घेतलें कीं न सांगतां? हा प्रश्न पॅरिसपुरता नाहीं. ज्या ज्या देशांत संगीताचे प्रवाह एकमेकांत मिसळत आहेत तेथें तेथें तो उभा राहणारच, आणि आज असे प्रवाह मिसळत नाहींत असा देश दाखविणें कठीण आहे. म्हणून या परभाषी गायकाचा हिशेब मराठी वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

गेंझबूरचें मूळ नांव ल्युसियँ गिन्सबूर्ग. त्याचा जन्म २ एप्रिल १९२८ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप रशियन साम्राज्यांतून क्रांतीनंतर बाहेर पडलेले यहुदी. वडिलांनीं पियानोचें शास्त्रोक्त शिक्षण घेतलें होतें. परंतु पोटासाठीं ते मद्यगृहांत आणि रात्रीच्या करमणूकगृहांत वाजवीत. म्हणजे शोपँचें संगीत आणि नाचाचें गाणें हीं दोन्ही या मुलाला एकाच घरांत ऐकावयास मिळालीं. जर्मनांच्या अंमलांत त्याला छातीवर पिवळा तारा लावून हिंडावें लागलें. युद्धानंतर त्यानें चित्रकलेची साधना केली. तिशीच्या सुमारास ती सोडून दिली आणि आपलीं बहुतेक चित्रें नष्ट केलीं. उदरनिर्वाहासाठीं पियानो वाजवितां वाजवितां तो गीतकार झाला. बोरिस व्हियाँ या लेखक-गायकाला ऐकून त्याला आपली वाट सांपडली, आणि १९५८ सालीं त्याची पहिली मोठी तबकडी निघाली तेव्हां तिची जाहीर वाखाणणी करणारांत व्हियाँच आघाडीवर होता.

त्या तबकडींतील एका गीतानें गेंझबूरचें नांव झालें. तें गीत भुयारी रेल्वेच्या लिला स्थानकावर तिकिटांना भोंकें पाडणाऱ्या नोकराचें आहे. दिवसभर लहान लहान भोंकें पाडणारा, उतारूंच्या दृष्टीसही न पडणारा तो मनुष्य शेवटीं आपल्याच डोक्यांत एक भोंक पाडून घेण्याचा विचार करूं लागतो. गीताचा ताल भुयारांतल्या गाडीसारखा धांवता आहे, आणि शब्द त्याच त्याच अक्षरांवर पुनःपुन्हा येऊन आदळतात. ज्याला कोणी नांवानें हांक मारीत नाहीं अशा मनुष्याला या गीतानें वाचा दिली. त्याची थोरवी कबूल करण्यांत आम्ही कृपणता करणार नाहीं. वाचकांनीं मात्र तें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां प्रथम शुद्धतेच्या अभिमान्यांचा समाचार घेऊं. त्यांचें म्हणणें असें कीं, फ्रेंच गीत हें शब्दप्रधान. त्यांत परक्या तालांची भेसळ करणें हाच मुळीं अपराध, मग ती सांगून केलेली असो वा न सांगतां. भेसळ हा शब्द दुधाला लावावा, संगीताला लावूं नये. दुधांत पाणी घातलें म्हणजे दूध कमी होतें. सुरांत सूर मिसळला असतां कांहीं वेळां तिसरीच वस्तु जन्मास येते. १९७१ सालची 'इस्तवार द मेलोडी नेल्सन' ही गेंझबूरची तबकडी पाहावी. सारी मिळून ती अठ्ठावीस मिनिटांचीही नाहीं. रॉकमधील खर्जाची गिटार, तिच्यावर तंतुवाद्यांचा मोठा ताफा, अखेरीस समूहगान, आणि या सर्वांमधून, गाण्याऐवजीं जवळजवळ कुजबुजत कथा सांगणारा आवाज, अशी तिची घडण आहे. वाद्यवृंदाची योजना ज्याँ-क्लोद व्हानिये याची. ती निघाली तेव्हां तिला गिऱ्हाईक फारसें मिळालें नाहीं. पुढल्या पिढीच्या इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंच संगीतकारांनीं मात्र तिच्यापासून धडे घेतले. प्रौढ निवेदक आणि कोंवळ्या वयाची मुलगी यांची ती कथा आम्हांस रुचत नाहीं. पण तिच्या संगीतांतील कोणता धागा कोणत्या जातीचा हें उसवून पाहूं गेल्यास हातांत वस्त्रच उरत नाहीं. असा संकर ज्याला साधला त्याला भेसळखोर म्हणणें हें कानांचें दारिद्र्य होय.

युरोपच्या अभिजात संगीतांतूनही त्यानें मुक्तहस्तानें घेतलें. १९६८ च्या 'इनिशियल्स बी. बी.' या गीतांत द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनींतील सुरावट आहे, 'जेन बी.' मध्यें शोपँचें एक प्रेल्यूड आहे; १९८३ च्या 'बेबी अलोन इन बॅबिलोन' मध्यें ब्राम्सच्या तिसऱ्या सिंफनींतील सुरावट आहे. यालाही आमची हरकत नाहीं. हे स्वरकार केव्हांच दिवंगत झाले, त्यांच्या कृति साऱ्या जगाच्या मालकीच्या झाल्या, आणि थोड्याशा जाणत्या कानालाही त्या तत्काळ ओळखूं येतात. उसना दागिना सर्वांना ठाऊक असतां अंगावर घालणें ही चोरी नव्हे. द्वोर्झाकचें उदाहरण तर या ठिकाणीं विशेष बोधप्रद आहे. तो न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा प्रमुख म्हणून अमेरिकेंत राहिला, तेथील निग्रो म्हणविल्या जाणाऱ्या समाजाचीं भक्तिगीतें त्यानें ऐकलीं, आणि अमेरिकेचें भावी संगीत याच गीतांच्या पायावर उभें राहिलें पाहिजे असें त्यानें १८९३ सालीं जाहीरपणें सांगितलें. ज्यांना त्या काळीं कोणी विचारीत नव्हतें अशा लोकांचें ऋण त्यानें चारचौघांत कबूल केलें. गेंझबूरनें द्वोर्झाकची सुरावट उचलली. त्याची ही रीत मात्र उचलली नाहीं.

येथें आमच्या आरोपास आरंभ होतो. १९६४ सालीं 'गेंझबूर पर्क्युसियाँ' ही तबकडी निघाली. तिच्यांतील आफ्रिकी ढोलांनीं आणि समूहस्वरांनीं फ्रेंच गीताला अगदीं नवा चेहरा दिला, असें तिचे चाहते आजही सांगतात. चेहरा नवा होता खरा, पण तो दुसऱ्याचा होता. 'जोआना', 'न्यूयॉर्क यू. एस. ए.' आणि 'माराबू' हीं तीन गीतें बाबातुंडे ओलातुंजी या नायजेरियन वादकाच्या 'ड्रम्स ऑफ पॅशन' या १९६० सालच्या तबकडीवरून घेतलेलीं आहेत. 'पोव्र लोला' हें गीत मिरियम माकेबा या दक्षिण आफ्रिकेच्या गायिकेच्या एका गाण्यावरून. मूळ फ्रेंच तबकडीवर रचनाकार म्हणून यांपैकीं कोणाचेंही नांव नव्हतें. तेथें होतें एकट्या गेंझबूरचें.

ओलातुंजी हा कोणी अज्ञात पुरातन पुरुष नव्हता. तो १९५० सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेलेला, त्या वेळीं हयात असलेला आणि कोलंबियासारख्या बड्या कंपनीनें ज्याचें वादन विक्रीस काढलें असा कलावंत होता. त्याला शोधण्यास अरण्यें तुडवावीं लागत नव्हतीं. पाकिटावर त्याचें नांव छापलेलें होतें. माकेबाची कथा तर याहून करुण आहे. वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिली म्हणून १९६३ सालीं तिच्या देशाच्या गोऱ्या सरकारनें तिचें नागरिकत्व हिरावून घेतलें होतें. लगेच पुढच्या वर्षीं पॅरिसमध्यें तिच्या सुरावरील तिचें नांवही गळालें. पहिलें कृत्य द्वेषानें झालें, दुसरें निष्काळजीपणानें झालें असें म्हणतां येईल. पण जिचें गेलें तिच्या दृष्टीनें या भेदाचें मोल किती?

आतां त्या तिकीटवाल्या नोकराची आठवण करावी. गेंझबूरनें 'न्यूयॉर्क यू. एस. ए.' साठीं ओलातुंजीचें जें गाणें घेतलें, त्याचें नांव 'अकिवोवो', आणि तें आगगाडीवरील एका माणसाला उद्देशून म्हटलेलें गाणें आहे. पॅरिसच्या रेल्वेवरील निनांवी चाकरासाठीं ज्याचें हृदय द्रवलें, त्यानेंच सहा वर्षांनंतर आफ्रिकेच्या रेल्वेवरील माणसाचें गाणें उचललें, त्यांतून तो माणूस काढून टाकला, त्याच्या जागीं न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचीं नांवें भरलीं, आणि खालीं आपली सही केली. इमारतींचीं नांवें एकामागून एक घेणाऱ्या त्या गीतांत एका ढोलवाल्याच्या नांवाला जागा नव्हती काय?

यावर गेंझबूरचे वकील दोन उत्तरें देतात. पहिलें हें कीं, त्या काळीं सर्वच असें करीत. सर्व करीत म्हणून जें क्षम्य ठरतें तें सर्वांच्या तोडीच्या माणसाला. असामान्य म्हणून ज्याची मूर्ति बसवावयाची, त्याच्यासाठीं सामान्यांची सबब पुढें करणें हा त्याचाच उपमर्द आहे. दुसरें उत्तर हें कीं, तीं गाणीं लोकपरंपरेंतलीं होतीं, आणि लोकगीताला मालक कसला? ठीक आहे. मालक नव्हता, तर गेंझबूर तरी मालक कसा झाला? 'लोकगीत' एवढा एक शब्द तबकडीवर छापण्यास किती शाई लागली असती? वांटणीची जाणीव या मनुष्याला नव्हती असेंही नाहीं. आपल्या मिळकतींतून सरकार कररूपानें किती नेतें हें दाखविण्यासाठीं त्यानें ११ मार्च १९८४ रोजीं दूरचित्रवाणीवर पांचशें फ्रँकांची नोट पेटविली आणि सरकारचा वांटा जळून आपला उरे तेथें ती विझविली. स्वतःच्या हिश्श्याचा हिशेब ज्याला इतका नेमका ठाऊक होता, त्याला परक्याच्या हिश्श्याचा विसर पडावा, हें नवल म्हणावें काय?

सुरांच्या बाबतींत जी रीत, तीच माणसांच्या बाबतींत. फ्रान्स गाल ही सतरा वर्षांची असतां गेंझबूरनें रचलेल्या गीतानें तिनें १९६५ सालीं नेपल्स येथील युरोव्हिजन स्पर्धा लक्झेंबर्गच्या वतीनें जिंकली. पुढल्याच वर्षीं त्यानें तिला गोळ्या-मिठाईवर एक गोडसें गाणें दिलें. त्यांतील दुसरा, अश्लील अर्थ लिहिणाऱ्यास ठाऊक होता, ऐकणाऱ्या प्रौढांस ठाऊक होता. गाणाऱ्या मुलीस मात्र ठाऊक नव्हता. तो कळला तेव्हां आपल्याला वडीलधाऱ्यांनीं फसविलें असें तिला वाटलें, आणि तें दुःख तिनें पुढें बोलूनही दाखविलें. आमच्याकडेही द्व्यर्थी काव्याची परंपरा आहे, आणि श्लेष हा अलंकार आहे हें आम्ही जाणतों. परंतु श्लेषाचा आनंद कवि, गायक आणि श्रोता या तिघांनीं मिळून घ्यावयाचा असतो. जिच्या तोंडून शब्द वदवावयाचे तिलाच अंधारांत ठेवून बाकीच्यांनीं हंसावें, ही टवाळी झाली.

येथें कोणी म्हणेल कीं, कलावंताला स्फूर्तीच्या भरांत एवढा विचार सुचत नाहीं. गेंझबूरला तो सुचत असे, याचा पुरावा त्याच्याच चरित्रांत आहे. १९६७ च्या अखेरीस त्यानें ब्रिजित बार्दोबरोबर आपलें अत्यंत गाजलेलें शृंगारगीत मुद्रित केलें. बार्दो विवाहित होती. तिनें तें प्रसिद्ध करूं नये अशी विनंती केली. गेंझबूरनें ती मानली, आणि तें मुद्रण १९८६ सालापर्यंत बाहेर आलें नाहीं. मध्यंतरीं १९६९ मध्यें तेंच गीत जेन बर्किनच्या आवाजांत निघालें, अनेक देशांत त्यावर बंदी आली, आणि बंदी असूनही इंग्लंडमध्यें तें विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेलें. म्हणजे जगद्विख्यात नटीचा नकार त्याला अठरा वर्षें पाळतां आला. मिठाईचें गाणें गाणाऱ्या मुलीला होकार-नकार विचारण्याचीही गरज त्याला भासली नाहीं. १९८४ सालीं शोपँच्या एका एत्यूदवर रचलेल्या आणि पितापुत्रींच्या निषिद्ध प्रेमाचें नांव मिरविणाऱ्या गीतांत त्यानें आपल्या जेमतेम तेरा वर्षांच्या मुलीला गावयास लावलें. त्या गीतांत प्रत्यक्ष कांहीं घडत नाहीं, असें समर्थन केलें जातें. आमचा प्रश्न वेगळा आहे : त्या वयाच्या मुलीनें बापाला नाहीं म्हणावें तें कसें? ज्याला नाहीं म्हणण्याचें बळ होतें त्याच्याशीं गेंझबूर सभ्य होता. ज्याला तें नव्हतें त्याचें त्यानें साहित्य केलें.

तथापि हिशेबांत जमेची बाजूही असते, आणि ती लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. १९७९ सालीं गेंझबूर रेगे संगीतासाठीं जमैकांतील किंग्स्टन येथें गेला. या वेळीं त्यानें दुसऱ्याची तबकडी घरीं बसून नकलली नाहीं. ज्यांचें संगीत त्यांच्या दारीं तो गेला. ढोलावर स्लाय डनबार, खर्जाच्या गिटारवर रॉबी शेक्सपियर, साथीला रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवाट, अशी मंडळी होती. हीं सर्व नांवें उघड आहेत, आणि स्लाय व रॉबी यांना तर त्यानें पॅरिसच्या रंगमंचावर आपल्याशेजारीं उभें केलें. त्या तबकडींत त्यानें फ्रान्सचें राष्ट्रगीत रेगेच्या चालीवर म्हटलें, आणि ध्रुवपदाची ओळ पुरी न म्हणतां 'इत्यादि' या अर्थाच्या शब्दानें आटोपली. त्याबरोबर देशभक्तांचें पित्त खवळलें. मिशेल द्र्वा या लेखकानें 'फिगारो'च्या पानांतून त्याच्यावर तोफ डागली, आणि असल्या कृत्यांनीं यहुदी लोकांविषयींचा द्वेष वाढेल असेंही सुनावलें. ज्यानें लहानपणीं पिवळा तारा छातीवर वागविला त्यालाच त्या द्वेषाचा धनी ठरविण्याचा हा प्रकार होता. याहून हीन युक्तिवाद आमच्या वाचनांत क्वचित् आला असेल.

पुढें ४ जानेवारी १९८० रोजीं स्ट्रासबूर येथें निवृत्त छत्रीधारी सैनिकांनीं सभागृह व्यापलें आणि जलसा होऊं दिला नाहीं. हें गीत १७९२ सालीं याच शहरांत जन्मास आलें होतें. गेंझबूर एकटाच रंगमंचावर आला, आणि कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून त्यानें तें मूळ चालीवर म्हटलें. सैनिकांना उभें राहावें लागलें. १९८१ सालीं त्यानें व्हर्सायच्या लिलावांत कर्ता रूझे द लील याच्या हातची एक प्रत १,३५,००० फ्रँकांस विकत घेतली. तिच्यांत खुद्द कर्त्यानेंच ध्रुवपद 'इत्यादि' लिहून आटोपलेलें आहे. या साऱ्या प्रकरणांत आम्ही निःसंशय गेंझबूरच्या बाजूचे आहोंत. राष्ट्रगीत कोणाचें हें सर्वांना माहीत, साथीदार कोण हें सर्वांना माहीत, आणि टीकेचे घाव त्यानें स्वतःच्या अंगावर घेतले. संकर असाच असावा. १९६४ चा गेंझबूर आणि १९७९ चा गेंझबूर यांच्यामध्यें मिसळण्याच्या वृत्तीचा कांहींच फरक नाहीं. दोन्ही वेळां त्यानें परक्या खंडाचा ताल फ्रेंच शब्दांना जोडला. फरक आहे तो नांव सांगण्याचा. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, संकराला दोष देणारे आणि संकराच्या नांवाखालीं सर्व कांहीं माफ करणारे, हे दोघेही सारखेच चुकले आहेत.

आतां या दोषाचें मूळ कोठें आहे तें सांगून लेख आटोपतों. डिसेंबर १९८६ मध्यें दूरचित्रवाणीवरील एका प्रसिद्ध साहित्यचर्चेंत गेंझबूरनें ठासून सांगितलें कीं, चित्रकला, वास्तुकला, अभिजात संगीत, काव्य या मोठ्या कला होत, कारण त्यांना दीक्षा लागते. गीत ही लहान कला, तिला दीक्षेची जरुरी नाहीं. गी बेआर या गीतकारानें विरोध केला तेव्हां गेंझबूरनें त्याची हेटाळणी केली. गेंझबूरच्या भक्तांना या उद्गारांत विनय दिसतो. आम्हांस त्यांत एक पळवाट दिसते. चित्रकार असतांना याच मनुष्यानें, आपलीं चित्रें आपल्या अपेक्षेस उतरत नाहींत म्हणून तीं नष्ट केलीं. इतका त्याचा मोठ्या कलेविषयींचा धाक होता. दुसऱ्याच्या चित्रावर आपली सही करण्याचें त्याच्या स्वप्नांतही आलें नसतें. पण गीत लहान ठरलें कीं त्यांतली उचलही लहान ठरते, ज्याचें उचललें तो माणूसही लहान ठरतो, आणि ज्या मुलीच्या गळ्यांतून तें गावयाचें तिची लाजही लहान ठरते. कलेला कमी लेखणारा कलावंत नम्र नसतो. तो जबाबदारींतून सूट मागत असतो.

२ मार्च १९९१ रोजीं गेंझबूर वारला तेव्हां फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनीं त्याची तुलना बोदलेर आणि आपोलिनेर यांच्याशीं केली, आणि त्यानें गीताला कलेच्या पदवीस नेलें असा गौरव केला. तो ज्या घरांत राहत होता तें सप्टेंबर २०२३ पासून लोकांना पाहावयास खुलें झालें आहे, आणि आतां तर त्याच्या नांवाचें स्थानकही झालें. हा मान त्याच्या भक्तांनीं अवश्य घ्यावा. परंतु मग लहान कलेची सबब कायमची सोडावी. गीत ही कला असेल तर तिचे नियमही कलेचेच असले पाहिजेत, आणि त्यांतला पहिला नियम हा कीं, ज्याचें त्याच्या पदरांत घालावें.

स्थानकावरील पाटी काढावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिकीटवाल्याचें गीत ज्यानें लिहिलें त्याचें नांव लिला येथें असणें योग्यच आहे. मात्र त्याच्या तबकड्या जेथें जेथें वाजतील, त्याच्यावर ग्रंथ आणि लेख जेथें जेथें लिहिले जातील, तेथें तेथें ओलातुंजी आणि माकेबा यांचीं नांवें त्याच्या नांवाइतक्याच ठळक अक्षरांत आलीं पाहिजेत, आणि फ्रान्स गालची तक्रार गमतीची आख्यायिका म्हणून न सांगतां तक्रार म्हणूनच सांगितली पाहिजे. आमच्या घरांतून आज जीं नवीं नवीं मिश्र गाणीं ऐकूं येतात, त्यांच्या बाबतींतही वडील मंडळींनीं 'ही भेसळ कशाला?' म्हणून कपाळाला आठ्या घालण्याऐवजीं मुलांना एवढेंच विचारण्याची संवय लावावी कीं, हा सूर मूळचा कोणाचा, आणि त्याचें नांव यावर आहे काय? संगीताच्या शुद्धीची खरी कसोटी एवढीच आहे.